आजोबांची व्हॅन आणि बाबांचे डोळे

बाबांची गिरणीतली नोकरी गेली त्या संध्याकाळी आईने त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि देता देता आपलं नाक त्यांच्या तोंडाजवळ नेलं. बाबांच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं. बाबा आयुष्यात कधी दारूच्या दुकानाची पायरी चढले नव्हते, पण गुढियारीतल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, महिनाभर कुजबुज होती की धानाच्या गिरणीतले आमचे बाबू दिवसाढवळ्या घेऊन कामावर येतात. गोदामात चालता चालता ते पाठीवर पोतं घेऊन जाणाऱ्या एका हमालाच्या अंगावर गेले, हमाल पडला, पोतं त्याच्या पायावर आलं. त्याआधीही असं एकदोनदा झालं होतं. बाबा म्हणत, “तो आडून एकदम आला, मी काय करू?” मालकाने सगळ्यांसमोर विचारलं, “बाबू, अब दिन में भी चालू कर दी क्या?” आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आईला वास आला नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं; पण तिचा चेहरा आणखीच उतरला. दारू असती तर निदान कारण तरी हाती लागलं असतं, असं तिला वाटलं असावं. आज त्या वयाला पोचल्यावर मला तिचा तो चेहरा कळतो.

आमच्या अंगणात बदामाच्या झाडाखाली आजोबांची व्हॅन उभी होती. आजोबा पंडरीच्या बाजारातून कापडाचे गठ्ठे घेऊन आठवडी बाजारांना जायचे, ती ही गाडी. आमच्या सगळ्या लग्नांना, मुंजींना, बाळंतपणांना तीच धावली. माझा जन्म दवाखान्याच्या वाटेवर तिच्यातच होता होता राहिला, असं आई सांगायची. आजोबा गेले, कापडाचा धंदा गेला, आणि गाडी जागच्या जागी बसली. चाकांतली हवा गेली, खालून गंज चढला, मागच्या बाजूला आईने गोवऱ्या रचल्या आणि पुढच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. नोकरी गेल्यावर काही दिवस बाबा ओट्यावर नुसते बसून राहिले. मग एका सकाळी उठून त्यांनी गोवऱ्या बाहेर काढल्या, कोंबड्या हाकलल्या आणि आईला म्हणाले, “मी हिले उभी करतो. पाऱ्यातली पोरं शाळेत नेईन-आणीन. कोणाची चाकरी नको अन् कोणाचे टोमणे नको.” आई ज्वारीची भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण ती म्हणाली, “खरंच चालन का हो?” त्या विचारण्यात इतकी आशा होती की बाबांना नाही म्हणायची सोयच उरली नाही.

नंतरचे दिवस आठवले की मला आधी आवाज आठवतात. सकाळी रेल्वे यार्डात मालगाड्यांचे डबे एकमेकांवर आदळायचे, आणि ते थांबले की आमच्या अंगणात पत्र्यावर हातोडी सुरू व्हायची. बाबा आजोबांच्या हाताखाली ही गाडी दुरुस्त करतच मोठे झाले होते. त्यांनी इंजिन उतरवलं, एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन जुन्या लुगड्यावर ओळीने मांडला. गंजलेला पत्रा कापून तिथे डब्यांचा पत्रा ठोकून बसवला, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि ती सुकली की मी आणि माझा धाकटा भाऊ बाळू पॉलिश पेपर घेऊन घासत बसायचो. नाकातोंडात पांढरी भुकटी जायची. जेवायला रात्रीचा पाण्यात ठेवलेला भात, म्हणजे बासी, वर मीठ आणि कांदा. कधी वाळवून ठेवलेल्या तिवऱ्याच्या पाल्याची भाजी. आई ताटं वाढून आम्हाला हाक मारायची आणि बाबा म्हणायचे, “दोन मिनिटं, एवढा नट बसू दे.” तो नट बसायला अर्धी दुपार जायची. पहिल्यांदा मला त्या सगळ्याची मजा वाटत होती. हळूहळू डब्यातले तांदूळ खाली जाताना दिसू लागले, आईच्या कानातली फुलं दिसेनाशी झाली, आणि घरात कोणी मोठ्याने हसलं तरी आई दचकून बघू लागली. मग मला कळलं की आम्ही गाडी दुरुस्त करत नव्हतो, आम्ही सगळे त्या गाडीला लटकलेलो होतो.

सीटची कव्हरं आईने शिवली. पंडरीतून रेक्झिनचे तुकडे आणले, मशीन ओट्यावर ओढली आणि निळ्या-पांढऱ्या पट्ट्या जोडत बसली. तिला चाळिशी लागली होती, सुईत दोरा जात नसे. ती “ऐकता का” म्हणायची. बाबा ग्रीसचे हात पुसत यायचे, सुई नाकासमोर धरायचे आणि एका झटक्यात दोरा ओवून द्यायचे. इंजिनातले पॉइंट ते ब्लेडच्या पात्याएवढी फट ठेवून नुसत्या नजरेने लावत. म्हणूनच पुढे मी जे सांगितलं ते कोणाला खरं वाटलं नाही.

बाबांच्या कपाळावर तेव्हा कायम एखादं टेंगूळ असायचं. व्हॅनचं दार उघडं ठेवून ते वळायचे आणि दारावरच आदळायचे. अंगणातली बादली त्यांच्या पायाने रोज लवंडायची. आई चिडायची, “डोळे कोठी असते तुमचे?” रस्त्यात लोक नमस्कार करायचे आणि बाबा सरळ पुढे जायचे. शेजारची बिसाहिन दाई आईला म्हणाली होती, “तुंहर बाबू ल अब्बड़ घमंड होगे हे.” नोकरी गेली तरी तोरा गेला नाही, असं पाऱ्यात सगळेच म्हणत होते. बाबांची तक्रार उलटी होती. ते म्हणायचे, “आजकाल लोकाईले चालायची रीतच राहिली नाही. कोठून येतात अन् एकदम अंगावरच येतात.” ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. मी आता सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत औषधाचे थेंब टाकते, आणि मला ठाऊक आहे की या दुखण्यात अंधार दिसत नाही, काळं काही दिसत नाही. जे दिसत नाही ते दिसत नाही हेच मुळी कळत नाही.

मला ते बाळूमुळे कळलं. एका दुपारी बाबा पाटावर बसून कार्बोरेटर साफ करत होते आणि बाळू त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहून जीभ बाहेर काढून वाकुल्या दाखवत होता. मी डोळे मोठे केले. बाबा रागीट होते, असल्या गोष्टीला थप्पड ठरलेली. पण बाबा आपले फुंकर मारून जेट साफ करत राहिले. बाळू माझ्याकडे पळत आला. तो तेव्हापासूनच घरात अर्धं हिंदी बोलायचा. “दीदी, देख, बाबा कुछ बोलते ही नहीं! रोज करता हूँ मैं.”

“रोज?”

“हाँ! इधर से करो तो कुछ नहीं बोलते.”

मी त्याला तिथून हाकललं आणि पाने पुसत बाबांच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला. “कुंदे, बाराचा पाना दे.” मी पाना त्यांच्या कानाच्या रेषेत धरला. ते हात पुढे करून वाट बघत राहिले. “दे ना.”

“धरलाय, बाबा.”

“कोठी धरला? मस्करी करून राहिली का?” असं म्हणत त्यांनी मान वळवली, आणि पाना त्यांच्या नाकाला लागेल इतका जवळ होता. ते दचकले. मग हसले. “अशी चोरासारखी मागून नको देत जाऊ.” मी मागून दिला नव्हता. गोदामातला हमाल, अंगणातली बादली, कपाळावरची टेंगळं, नमस्कार करून अपमान झालेले लोक, हे सगळं एकदम माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि त्या पाठोपाठ शाळेत जाणारी ती मुलं आली, जी अजून गाडीत बसायची होती.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि सांगितलं. ती पिठल्याला फोडणी देत होती. “बाबांना बाजूचं दिसत नाही,” मी म्हटलं.

“काय?”

“समोरचं दिसतं. बाजूचं नाही दिसत. मी पाना धरला होता तर—”

“कुंदे,” आई वळली. तिच्या हातात उलथनं होतं आणि आवाज खाली दबलेला होता, बाहेर जाऊ नये म्हणून. “काल त्यांनी मले सुईत दोरा ओवून दिला. मले दिसत नाही अन् त्यांले दिसते. गिरणीतल्या लोकांनी म्हटलं दारुडा, पाऱ्यातले म्हणतात घमेंडी, अन् आता तू त्यांले आंधळं करून राहिली? तुले तरी त्यांच्या बाजूनं राहता येत नाही का?”

मी पंधरा वर्षांची होते. एवढ्यावर गप्प बसायचं वय होतं, पण मला रात्री झोप लागेना. मी थेट बाबांना सांगायचं ठरवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग उठून आत गेले, वर्तमानपत्र आणलं, आणि अगदी खालच्या कोपऱ्यातली, वधू-वरांच्या जाहिरातींची बारीक अक्षरं मला घडाघडा वाचून दाखवली. “आणखी काय वाचून दाखवू सांग. बाहेरचे बोलले ते मी ऐकून घेतलं. आता घरातूनही ऐकायचं का?” त्यांनी पेपर घडी करून माझ्या मांडीवर ठेवला. त्या दिवसापासून त्यांनी मला पाना मागणं बंद केलं. ते बाळूला मागू लागले. मी ओट्यावर बसून बघत राहायचे. ज्या गाडीसाठी मी बोटं सोलवटेस्तोवर पत्रा घासला होता, ती सुरू होऊ नये म्हणून मी आता देवासमोर हात जोडत होते, आणि घरातल्या बाकीच्यांना ती सुरू होण्यावाचून दुसरी आशा नव्हती.

ती सुरू झाली. दिवाळीची सुट्टी संपत आली होती. बाबांनी पुढून हँडल घालून फिरवलं, एकदा, पुन्हा, पुन्हा. घामाने त्यांचा बनियन पाठीला चिकटला. गाडी खोकायची आणि गप्प व्हायची. मग एकदम तिने धुराचा लोट सोडला आणि सगळं अंगण थरथरू लागलं. कोंबड्या भिंतीवर चढल्या. आई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत बाहेर आली आणि तिने तोंडावर पदर धरला. बाबा चालू इंजिनाच्या बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पारा गोळा झाला. बिसाहिन दाईने गाडीला हळद-कुंकू लावलं. ज्यांनी बाबांना दारुडा म्हटलं होतं त्यांतलेच दोघं-तिघं पुढे आले आणि म्हणाले, “भैया, सोमवार से हमारे बच्चों को भी ले जाना.” आई त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मी जेवू शकले नाही.

रविवारी आई म्हणाली, पोरं बसायच्या आधी आपण बसू, तेलीबांध्याच्या तलावापर्यंत जाऊन येऊ. आता मी त्याच तलावासमोर सातव्या मजल्यावर राहते. संध्याकाळी खाली दिव्यांच्या माळा पेटतात आणि पाळण्यांत बसलेली मुलं किंचाळतात. तेव्हा तेलीबांधा म्हणजे गावाबाहेर. आम्ही डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेतली. पुढच्या लांब सीटवर बाबा, मधे मी आणि डाव्या खिडकीशी आई. बाळू मागे एकटाच राजासारखा. गाडी गल्लीतून बाहेर पडली तशी मी बोलायला लागले. “बाबा, उजवीकडून रिक्षा. बाबा, डावीकडे सायकल.” थोडा वेळ बाबांनी ऐकलं. मग ते म्हणाले, “गप बस, कुंदे. मले दिसते.” आईने माझ्या मांडीवर चिमटा काढला. मी गप्प झाले, पण मान सारखी इकडून तिकडे फिरवत राहिले. जाताना काही झालं नाही. तलावाच्या काठावर आम्ही पुऱ्या खाल्ल्या. बाबा आईला म्हणाले, “आबा असते तर खूश झाले असते.” आईने मान हलवली. ती इतकी सुखात होती की मलाही क्षणभर वाटलं, मीच वेडी असेन.

परतताना पंडरीतल्या कापडबाजाराच्या रस्त्याला गर्दी होती. गाडी हळू चालली होती. डाव्या कडेने एक बाई डोक्यावर लालभाजीची टोपली घेऊन आमच्याकडे पाठ करून चालत होती आणि हळूहळू रस्त्याच्या मधे येत होती. मी तिला पाहिलं. आईनेही पाहिलं. बाबा आता ब्रेक लावतील, आता लावतील, असं धरून आम्ही दोघी बघत राहिलो, आणि गाडी तशीच पुढे गेली. मी ओरडले. बाबांनी ब्रेक दाबला तो माझ्या ओरडण्यामुळे. त्या बाईमुळे नाही. गाडीचा कोपरा तिला लागला, ती रस्त्यावर बसली आणि लालभाजी सगळीकडे पसरली.

लोक धावले. कोणीतरी बाबांना कॉलर धरून खाली ओढलं. “पी के चलाता है क्या!” एका माणसाने त्यांच्या तोंडाशी नाक नेलं आणि मागे सरून, जरा गोंधळून म्हणाला, “पिया तो नहीं है.” बाबा गाडीसमोर उभे राहून एकच विचारत होते, “ती आली कोठून? ती आली कोठून?” ती बाई आमच्या आईच्या आधाराने उठली. तिचं कोपर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. ती रागावलीसुद्धा नाही. बाबांकडे बघून नवलाने म्हणाली, “मैं तो तोर आगूच म रहेंव, बाबू. देखे नइ का?” मी तर तुझ्या समोरच होते, दिसले नाही का. आईने तांब्यातल्या पाण्याने तिचं कोपर धुतलं, खाली बसून एकेक जुडी गोळा केली, टोपली तिच्या डोक्यावर दिली. मग ती माझ्याजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, “मी तिले किती लांबून पाहून राहिली होती, कुंदे.”

गाडी घरी तर न्यायची होती. चालवता येणारं दुसरं कोणी नव्हतं. बाबा चढून बसले आणि इंजिन सुरू केलं. आई चढली नाही. “बस ना,” बाबा म्हणाले.

“मी पायी येते.”

“लाज वाटते का माझ्या गाडीत बसायची?”

“नाही. पाय मोकळे करते. तुम्ही हळू चालवा.” आणि मला म्हणाली, “तू उतर. तू तिकडून चाल.”

पंडरीपासून गुढियारीपर्यंत आम्ही तसेच आलो. बाबा पहिल्या गिअरमध्ये गाडी रांगवत होते, बाळू सीटवर रडत होता, गाडीच्या डाव्या कोपऱ्याशी आई आणि उजव्या कोपऱ्याशी मी चालत होतो. कोणी मधे यायला लागलं की आई हात आडवा करायची. रेल्वेच्या पुलाखाली लोक थांबून बघत होते. देवाची पालखी न्यावी तशी आम्ही ती गाडी नेत होतो, आणि काचेआड बाबांचा चेहरा लाल झाला होता. त्यांना वाटत होतं बायको-मुलीने भर रस्त्यात त्यांच्याशी संबंध तोडला आहे.

अंगणात गाडी लावून ते उतरले तेव्हा ऊन अजून बऱ्यापैकी होतं. आईने चपला काढल्या, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, “कुंदे, ते तुझं काय होतं, मले दाखव.” बाबा आत निघाले होते. आईने त्यांचा हात धरला. आम्हा मुलांसमोर तिने त्यांना असं कधी धरलेलं मी पाहिलं नव्हतं. “एकदाच. माझ्यासाठी.” बाबा थकून पाटावर बसले. आई त्यांच्या समोर बसली. मी म्हटलं, “बाबा, आईच्या कुंकवाकडे बघा. नजर हलवायची नाही. मी बाजूने ताट आणीन. दिसलं की सांगा.”

मी स्वयंपाकघरातून स्टीलचं मोठं ताट आणलं आणि त्यांच्या कानाजवळ धरून हलवायला लागले. ताटावर ऊन पडून भिंतीवर कवडसा नाचत होता. बाबा आईच्या कपाळाकडे बघत होते. मी ताट थोडं पुढे आणलं. आणखी पुढे. आईला ताट दिसत होतं आणि बाबाही दिसत होते. बाबा वैतागून म्हणाले, “सुरू कर ना लवकर.”

आईच्या तोंडातून हुंदका फुटला. बाबा तिच्या कुंकवाकडेच बघत होते, त्यामुळे तिचं रडणं त्यांना स्पष्ट दिसलं. “काहून रडून राहिली? काय झालं?” तिने नुसतं माझ्याकडे बोट केलं. बाबांनी मान वळवली, आणि मी ताट घेऊन त्यांच्या गालाशी उभी होते.

मग बाबांनी विचारलं, “किती वेळची उभी आहे तू?” मी ताट खाली केलं. ते म्हणाले, “आता उजवीकडून कर.” मी केलं. तिकडूनही तेच. मग त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं, समोर झाडाच्या बुंध्याकडे नजर लावली, दोन्ही हात पंख पसरावेत तसे दोन्हीकडे लांब केले आणि बोटं हलवत हळूहळू समोर आणायला लागले. हात आले, आले, खांद्यांच्या पुढे आले, तरी ते आणतच होते. थांबले तेव्हा दोन्ही तळव्यांमध्ये एक भाकरी मावेल एवढीच जागा उरली होती. बाबा त्या जागेकडे बघत बसले. “एवढंच?” ते म्हणाले. आम्हाला नाही, आपल्या हातांनाच म्हणाले. आई उठून त्यांच्या पाठीशी गेली आणि त्यांचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. बाळू मला विचारत राहिला, “दीदी, क्या हुआ? बाबा को क्या हुआ?”

त्याच आठवड्यात आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी काचबिंदू म्हणून सांगितलं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळायचं, बस. बाबांनी ते थेंब पुढे जन्मभर टाकले आणि ती भाकरीएवढी खिडकी म्हातारपणापर्यंत टिकवली; माझ्या मुलीचा चेहरा त्यांनी त्यातूनच पाहिला. व्हॅन भाजीच्या एका ठोक व्यापाऱ्याने नेली. ती अंगणातून गेली त्या दिवशी बाबा घरात अंगणाकडे पाठ करून बसले होते. आईने शिवणकाम घेतलं आणि बाबा तिला सुया ओवून देऊ लागले, काजं-बटणं करू लागले. पाऱ्यात लोक हसले, आणि मग सवयीने हसायचे थांबले. फार वाईट वर्षं होती ती. सगळं लिहायची माझी ताकद नाही. पण हे सगळं नंतरचं. त्याआधी सोमवार उजाडायचा होता, आणि सोमवारी पाऱ्यातली मुलं गाडीची वाट बघत उभी राहणार होती.

सकाळी आई म्हणाली, “मी जाऊन सांगून येते, गाडी बिघडली म्हणून.” बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार होते. “मीच जातो. कुंदे, चल.” मी त्यांच्या डाव्या हाताला लागून चालू लागले. पहिल्या घरी बाबा म्हणाले, “भैया, इंजन में खराबी आ गई है.” त्या माणसाने मान डोलावली आणि विचारलं, “तो कब तक ठीक होगी?” बाबा तसेच मागे वळले. बाहेर आल्यावर ते भिंतीला टेकले. मला वाटलं आता परत फिरतील. दुसऱ्या घरी दार उघडलं तेव्हा ते सरळ म्हणाले, “गाड़ी अच्छी है. मुझे दिखता नहीं है.” त्या घरातला माणूस एकदा बाबांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिला. त्यापुढच्या प्रत्येक दारात बाबांनी तेच सांगितलं, त्याच शब्दांत, आणि प्रत्येक वेळी आवाज थोडा बसत गेला. कोणी म्हणालं, अरे राम. कोणी म्हणालं, पण तुम्ही तर चालत आलात. एकाने दार लावता लावता आत बायकोला सांगितलेलं आम्हाला ऐकू आलं, “बच गए.”

शेवटच्या घराच्या पायरीवर एक लहान मुलगी बसली होती. वेण्या घातलेल्या, गळ्यात पाण्याची बाटली. “चाचा, गाड़ी कहाँ है?” तिने विचारलं. बाबा आवाजाकडे वळले, ती सापडेना. त्यांनी सगळं तोंड इकडे फिरवलं, खाली नेलं, आणि ती दिसल्यावर तिच्यासमोर उकिडवे बसले.

“नहीं आएगी, बेटा. मुझे दिखता नहीं है ना.”

“पर आप तो मुझे देख रहे हो.”

“हाँ,” बाबा म्हणाले. “अभी देख रहा हूँ.”

तिच्या आईने चहा घेऊन जा म्हणून आग्रह केला. बाबांनी हात जोडले. आम्ही परत निघालो आणि आमच्या गल्लीच्या आधी मोठा रस्ता ओलांडायचा होता, तिथे कडेला ते थांबले. त्यांनी आधी पूर्ण मान वळवून उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. त्यांना असं बघताना मी पहिल्यांदाच पाहत होते. रस्ता दोन्हीकडे रिकामा होता. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पाय उचलला नाही. मी त्यांचा हात धरून उभी राहिले.

“अजून एकदा बघू दे,” ते म्हणाले.